एका दिव्याचे दोन रंग

प्रिय ताई,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच हसली असतीस, आणि मीही हसून विषय सोडून दिला असता. म्हणून लिहितोय. सुरुवात माझ्या कामापासून करावी लागेल, कंटाळू नकोस.

आमच्या खोलीत आठ संगणक एकावर एक रचलेले आहेत, पण स्क्रीन आणि कीबोर्ड एकच. मध्ये एक चपटी पेटी. तिच्या तोंडावर एक ते आठ आकड्यांची बटणं. जे दाबाल तो संगणक स्क्रीनवर येतो. पेटी नेटवर्कला जोडलेली, त्यामुळे पलीकडच्या इमारतीतला माणूसही तिथूनच यातला कुठलाही चालवू शकतो. जुन्या पेटीवर प्रत्येक बटणाशेजारी दोन दिवे होते: डावा म्हणजे संगणक चालू, उजवाही लागला तर लांबून कुणी काम करतंय. गेल्या महिन्यात नवी आली, दिसायला देखणी. कडेला विजेचा दिवा, त्याखाली नेटवर्कचा लुकलुकणारा, टाचणी खुपसून पेटी पुन्हा सुरू करायचं बारीक भोक, आणि बटणाच्या पोटातच एकेक दिवा. संगणक मोकळा तर हिरवा, लांबून कुणी वापरतंय तर नारिंगी.

पाच नंबर मोकळा बघून मी तो बंद करून चालू केला, तर पगारपत्रकं करणाऱ्या बाई तरातरा आल्या. "अहो, सकाळपासूनचं काम गेलं की माझं! एवढा नारिंगी दिवा दिसला नाही?" मी म्हटलं, हिरवाच होता. पुन्हा तसंच झालं तेव्हा म्हणाल्या, "पेटी तुम्हाला एक सांगते आणि आम्हाला एक, असं आहे का?"

मलाही पेटीचाच संशय. वायरी बदलल्या, काही निघेना. शेवटी बाईंनाच गळ घातली: तुम्ही तिकडून पाच नंबर घ्या, सोडा, मी फोनवर रंग सांगतो. निम्मे बरोबर आले, तेही नशिबाने. बाई आधी खिदळत होत्या, मग म्हणाल्या, "एकदा डोळे दाखवून या." मला मात्र, खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी नवलच वाटलं. चाळिशी उलटली, आणि मी आजवर दिवे जागेवरून ओळखत होतो, रंगावरून नव्हेच! चौकातले सिग्नलसुद्धा: वरचा, खालचा. मग मी 'हिरवा' म्हणतो तेव्हा नेमकं काय बघत असतो? तू परसातले टोमॅटो आणायला पाठवायचीस, मी कच्चे आणायचो, आणि तू ओरडायचीस, "डोळे कुठे ठेवून आलास रे?" हा प्रश्न मी आता स्वतःला विचारतोय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांची वर्तुळं दाखवली. त्यांत आकडे असतात म्हणे. मला ठिपकेच दिसले. रंगांधळेपणा म्हणाले; औषध नाही, धोका नाही, जन्मापासूनच आहे. मग त्यांनी विचारलं, आईच्या वडिलांनाही होता का? मला आजोबा आठवले, कापडाच्या दुकानात नेहमी आजीला पुढे करणारे. ही गोष्ट आईकडून येते. बायकांना स्वतःला बहुधा कळतही नाही, पण पुढे मुलात उतरू शकते. मला बहीण आहे का, असं विचारलं तेव्हा मी 'आहे' म्हणालो, आणि पुढचं ऐकूच आलं नाही.

ताई, तुझा मुलगा सोमवारी कारखान्यातल्या नोकरीचा राजीनामा देऊन रेल्वेच्या इंजिनावर शिकायला जाणार आहे, आणि डोळ्यांची तपासणी तिकडे गेल्यावरच होईल, असं तू म्हणालीस. सिग्नलचे रंग ओळखता आले नाहीत, तर इंजिनावर घेत नाहीत. तुझ्याकडे हे आलंच असेल असं नाही, आलं असलं तरी त्याच्यात उतरलंच असेल असंही नाही. माझं मी त्याच्या माथी मारतोय का, हे मी खूपदा स्वतःला विचारलं. तरी राजीनामा देण्याआधी त्याला डॉक्टरांकडे ने. डोळे चांगले निघाले तर मामा येडा आहे म्हणून दोघं मला खुशाल हसा. नाही निघाले, तर त्याला माझ्याकडे पाठव; त्याला जे दिसतं ते घरात निदान मला तरी कळेल.

तुझाच,
धाकटा