कुंकवाचा ठिपका

गुरुवार, सांजच्याला

लय वंगाळ वाटतंय. आईचा उजवा खांदा आखडलाय. व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, रोज भिंतीवर बोटं चढवत न्यायची आन् जितं हात पोचंल तितं खूण करायची. आई कुंकवाचा ठिपका लावती. सोमवारी मी तो पुसून चार बोटं वर लावला. गंमत म्हणून. दुसरं काय डोक्यात न्हवतंच.

तीन दिवस ती त्या ठिपक्यासाठी दात-ओठ खात हुती. मी बघत हुतो. सांगितलं का न्हाई? आदी हसू येत हुतं, मग भ्या वाटाया लागलं.

आज साताऱ्याला दवाखान्यात जायचं, तर म्हणली, "मी न्हाई येत. हात माघारी चाललाय. आता जल्मभर माझा अंबाडा दुसऱ्यानंच घालायचा."

तवा बोललो. "आये, ठिपका मी सरकवला. सोमवारी."

"आन् मी रोज रडत हुते, ते दिसलं न्हाई व्हय रं, मुडद्या?"

मारायला तिनं उजवाच हात उगारला. खांद्यापतुर आला आन् तितंच अडकला. कळवळून खाली बसली. मी गाल पुढं करून तसाच हुबा. चापट बसली असती तर बरं झालं असतं.

मग गेलो दवाखान्यात. बाईंनी मोजलं, म्हणल्या हात वाढलाय. आईनं माझ्याकडं बघितलं न्हाई.

घरी येऊन ठिपका पुसाया गेलो.

"ऱ्हाऊ दे तितंच," म्हणली. "तितं पोचले की पयली तुलाच हाणणार."

पोच गं आये, लौकर पोच.