तबकडीचा तिसरा पाय

शनिवार, ७ डिसेंबर

टण्ण – टण्ण – टण्ण! ऑटवे बाई शाळेच्या ओसरीत टांगलेली नांगराची तबकडी हातोडीने बडवायच्या. सहासष्ट वर्षं झाली त्याला. आज शेडमध्ये तसलीच जुनी तबकडी हातातून सटकून फरशीवर आपटली आणि हुबेहूब तोच आवाज! क्षणभर वाटलं – रांगेत उभं राहायचंय आणि कविता पाठ नाही.

काम दोन दिवसांचं. तबकडी कढईसारखी उताणी ठेवायची, मधलं भोक बुजवायचं, खाली तीन पाय वेल्डिंगने जोडायचे. झाला चुलीवरचा तवा. बावीस तारखेला आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचं जेवण आहे, शाळेतच. मटणाचे चॉप्स त्यावर भाजू. दोन पाय आज बसले. एक राहिला.

रेक्स कुंपणापलीकडून ओरडला, "काय रे क्लेम, विमान करतोयस का?"

"तुझ्यासाठी तवा."

"डावा पाय वाकडा आहे बघ."

"तुझ्यापेक्षा सरळ आहे!"

हसत गेला. गव्हाची कापणी चालू आहे त्याची. या वयात यंत्रावर चढतो म्हणजे कमाल आहे.

रविवार, ८ डिसेंबर

रेडिओवर पूर्ण आगबंदी सांगितली. आमच्या दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा – त्रेचाळीस अंश, उत्तरेचा तापलेला वारा. उघड्यावर वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही. पण एकच पाय तर राहिलाय. शेडच्या आत, दार लावून – अर्ध्या तासाचं काम.

सोमवार, ९ डिसेंबर

काल लिहिलेलं शेवटचं वाक्य दहा वेळा वाचलं.

दार लावलंच होतं मी. पण पत्र्याखाली जीव घुसमटला, चष्म्यावर घाम. म्हटलं, हातभर उघडू. पायाचं टोक घासायला घेतलं – ग्राइंडरच्या ठिणग्या कशा जातात ते मला माहीत नाही का? चाळीस वर्षं हेच केलं! हातभर फटीतून त्या बाहेर गेल्या. मुखवटा वर केला तेव्हा कुंपणालगतचं गवत पेटलं होतं. बादली घेऊन धावलो. वारा माझ्यापेक्षा तरुण होता.

अग्निशमन दलाला पहिला फोन मीच केला. ट्रूडी, आमच्या गावच्या दलाची प्रमुख, काल सगळ्यांसमोर म्हणाली, "क्लेमकाका, तुम्ही वेळेवर कळवलंत म्हणून गाव वाचलं." मी मान डोलावली. डोलावली!

रेक्सचा उभा गहू गेला. मेंढ्या. आणि त्यापलीकडे शाळा. ऑटवे बाईंची शाळा, जिथे समुद्र कधीच न पाहिलेली अकरा पोरं समुद्राची कविता घोळवून घोळवून म्हणायची. विटांचं धुराडं तेवढं उभं आहे. ट्रकवरचा स्वयंसेवक गॅव्हिन – त्याचे दोन्ही हात भाजले.

संध्याकाळी ग्राइंडर पुसून खोक्यात ठेवला. तवा पोत्याखाली. असं कोण करतं? ज्याला काही लपवायचं असतं, तो.

मंगळवार, १० डिसेंबर

रेक्ससोबत गेलो. त्याच्याकडे रायफल, माझ्याकडे गोळ्यांची डबी. मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. लोकर काळी, खूर सुटलेले. ओरडत नव्हत्या – ते जास्त वाईट. एकशे बारा. दुपारपर्यंत चाललं.

रेक्स प्रत्येकीशी बोलत होता. "झालं हं बाई, झालं." मी गोळ्या देत राहिलो.

मग यंत्राच्या चाकाला टेकून बसला, बायकोचा विषय काढला. "नोरीन गेली बहिणीकडे. म्हणाली, धुराच्या वासानं झोप लागत नाही."

"येईल परत."

"हं." मग माझ्याकडे वळला. "तुला काही बोलायचंय का, क्लेम?"

मी म्हटलं, पाऊस पडायला हवा. शप्पथ – हेच म्हणालो.

गुरुवार, १२ डिसेंबर

फुटबॉल क्लबच्या खोलीत सभा. आग लागली कशी? इथला नियम सगळ्यांना ठाऊक – वारा वाढला की कापणी थांबवायची. एक तापट बाई उभी राहिली. "रेक्स, तू थांबवलीस का? खरं सांग! माझ्या भावाचे हात गेलेत!" गॅव्हिनची बहीण.

रेक्सनं दहा वाजताच यंत्र बंद केलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! बंद यंत्राच्या कॅबिनमध्ये बसून सँडविच खात होता.

रेक्स उठला. टोपी हातात. "सांगता येत नाही. यंत्र तापलं असेल. बेअरिंगमधून ठिणगी गेली असेल."

मी तिसऱ्या रांगेत. उठायला एवढंच लागतं – गुडघे सरळ करायचे. नाही केले.

बाहेर पडताना त्याच्यासाठी कुणी दार धरलं नाही. पन्नास वर्षं हा माणूस दलाच्या ट्रकवर होता.

रविवार, १५ डिसेंबर

रोज जातोय त्याच्याकडे. जळके खांब उपटायचे, नवे रोवायचे, तार ताणायची. चार वाजता चहा. तोच करतो, त्या कळकट किटलीत. रोज ठरवून जातो – आज पहिल्या घोटाआधी सांगायचं. मग तो बिस्किटं पुढे करतो.

आज म्हणाला, "दुकानात गेलो होतो. ब्रेड दिला, पण बोलली नाही ती दुकानवाली." हसला. "ब्रेड पूर्ण दिला, बोलणं तेवढं कापलं म्हणायचं."

मी म्हटलं, "लोक विसरतील."

"लोक विसरतील रे. पण ज्यानं केलं त्याचं काय?"

मी कप विसळायला उठलो. कप स्वच्छच होता.

बुधवार, १८ डिसेंबर

गॅव्हिनच्या हातांवर मांडीची कातडी लावली. उजव्या हाताची बोटं वळतील का, डॉक्टर सांगत नाहीत.

गुरुवार, १९ डिसेंबर

ट्रूडीला पत्र लिहिलं. 'आग माझ्या शेडमधून लागली.' एवढं एक वाक्य चांगलं. पुढे वारा, वय, उकाडा – चार पानं! शाळेत बाई म्हणायच्या, "क्लेमंट, सुरुवात छान करतोस, मग शब्दांच्या आड लपतोस." फाडलं. चुलीत घालायला निघालो आणि काडी पेटवायला हात धजेना.

रविवार, २२ डिसेंबर

जेवण झालं. शाळेच्या राखेतच खुर्च्या मांडल्या – ट्रूडीचा हट्ट. सात जण जमलो. रेक्सला कुणी बोलावलं नव्हतं, तरी आला. लांब, जळक्या निलगिरीखाली उभा राहिला. कुणी त्याला ताट दिलं नाही. मीही नाही. माझ्या हातात ताट होतं!

मग सगळे माझ्या मागे लागले. "क्लेम, ती समुद्राची म्हण! तुलाच तेवढी पूर्ण येते."

उभा राहिलो. दोन कडवी झाली. तिसऱ्यात तारवाचा मालक आपली चूक सगळ्या खलाशांपुढे कबूल करतो. सहासष्ट वर्षं हे कडवं मी झोपेतही म्हणू शकलो असतो. तोंड उघडलं आणि काहीच नाही. लोकांना वाटलं म्हातारा गहिवरला. टाळ्या वाजवल्या.

झाडाखालून रेक्सनं टाळ्या नाही वाजवल्या. टोपी घातली आणि चालत निघून गेला.

सोमवार, २३ डिसेंबर

सकाळी नऊ. दार वाजलं. वाटलं ट्रूडी, नाहीतर पोलीस – खरं सांगतो, बरं वाटलं! उघडलं तर नोरीन. दीडशे मैल गाडी हाकून आलेली. मी "आत ये" म्हटलं. आली नाही.

"त्यानं कॅबिनमधून पाहिलं होतं, क्लेम. धूर तुझ्या दारातून निघाला. पहिल्याच दिवशी मला सांगितलं. मी म्हटलं, मग बोल की! तर म्हणे, तो स्वतः सांगेल, त्याला थोडा वेळ दे. रोज तू चहा पिऊन गेलास की मला फोन करायचा – उद्या सांगेल, नोरीन. उद्या. काल मात्र म्हणाला, नाही सांगणार तो. आणि फोन ठेवला. नंतर उचलला नाही. चल, टोपी घे – आधी त्याच्याकडे, मग ट्रूडीकडे."

गाडी फाटकाशी चालू आहे. तिनं दोनदा हॉर्न दिला. आणि मी इथे बसून लिहितोय!