रॅबिडली

प्रिय चिमणे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. रागावून का होईना, वाच.

त्या रविवारी तुझा पेंटर त्याच्या आईला घेऊन आला आणि आपल्या दारासाठी स्वतः रंगवलेली पाटी घेऊन आला. त्यावर तुझ्या ‘शीतल’ नावातला ‘शी’ ऱ्हस्व! मी खिशातलं लाल पेन काढलं. विहीणबाईंच्या हातात चहाचा कप होता, तो तसाच हवेत राहिला. मग मी पाऊण तास ऱ्हस्व-दीर्घावर बोललो. तू उठलीस आणि म्हणालीस, “बाबा, तुम्ही रॅबिडली शुद्ध आहात!” आणि निघून गेलीस.

तू जनावरांची डॉक्टर, म्हणजे हा शब्द अधिकारवाणीने वापरलास, हे मला कळलं. पण तीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्या बापाला शब्द फेकून मारायचा आणि अर्थ सांगायचा नाही? सोमवारी कचेरीत विचारलं. संपादक म्हणाले, “कट्टरपणे.” टायपिस्टबाई म्हणाल्या, “छे! पिसाळल्यासारखं.” दोघांची अशी जुंपली की शिपाई दार लावून घ्यायला आला. शेवटी जाड कोश काढला. मूळ लॅटिन क्रियापद, अर्थ खवळणे, बेभान होणे. इंग्रजीत तो शब्द आधी संतापाने बेभान झालेल्यांना लागला, पिसाळलेल्या कुत्र्याला बऱ्याच नंतर. म्हणजे बिचाऱ्या कुत्र्याचं नाव उगाच बद्दू झालं. मी म्हटलं, “पण शुद्धलेखनासाठी कोणी पिसाळतं का?” सगळे एकदम आपापल्या कागदांत बघायला लागले. टायपिस्टबाईंना तर खोकलाच आला. अगं, तीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

काल मी त्याच्या दुकानात गेलो. तो शिडीवर होता, गॅरेजच्या पाटीवर ‘दुरूस्ती’ लिहीत. मी जीभ दाताखाली धरली, देवाशपथ. तोच खाली उतरून म्हणाला, “काका, चुकलंय का? ती म्हणते, तुमच्याइतकं कोणाला येत नाही.” असं म्हणतेस तू? माझ्यामागे?

मग तो बोलत गेला. वडील गेले तेव्हा तो पाचवीत होता. शाळा सुटली. पुढची अक्षरं बाजारातल्या पाट्या बघून गिरवली. “पाट्या चांगल्या होत्या काका, पण त्यांच्या चुकाही माझ्याकडे आल्या.” तो पुन्हा वर चढला. मी त्याची शिडी धरून उभा राहिलो. त्याने विचारलं तेवढंच सांगितलं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. हात मात्र काय आहे गं पोराचा! इतका डौलदार ‘रु’ आमच्या कोशातसुद्धा नाही.

निघताना त्याच्या तोंडून निसटलं की बुधवारी तुम्ही लग्नाची नोंदणी करताय आणि तिसरा साक्षीदार अजून ठरलेला नाही. तू मला विचारलं नाहीस. का, ते विचारायला मला तोंड नाही. पण मी विचारतो : मी येऊ का? तुझी आई असती तर तिने मला कॉलरला धरून आणलं असतं. आता मलाच मला आणावं लागणार. अकराला नोंदणी कचेरीत पोहोचतो. तू नको म्हणालीस तर बाहेरच्या बाकावर बसेन, पण बुधवारी घरी बसणं काही मला जमायचं नाही.

तुझाच,
खवळून निवळलेला बाबा