उतारावरचं गवत

३ जुलै
पुन्हा गढूळ! बादली वर ओढली तर आत पाणी कसलं, नुसता चहा — तोही दाट दुधाचा. वरच्या उतारावर व्यंकटरावांनी प्लॉट पाडले. जेसीबीनं बांध, झुडपं, गवत सगळं खरडून नेलं. उघडी पडलेली माती पाऊस आला की निघते ती थेट ओढ्याकाठच्या आमच्या विहिरीत. वस्तीला जवळपास दुसरं पाणी नाही. आणि दिपालीला सातवा महिना! सून आहे, पण पोटच्या पोरीपरीस जवळची. तिला म्हणलं, तुरटी फिरवते, जरा दम धर. म्हणाली, "आत्याबाई, तुरटीनं माती बसंल हो. ह्यो सिमिटाचा वास कसा जाईल?"
वर मिक्सर धुतात, ते धुवणही आमच्याच वाट्याला.

७ जुलै
परभणीला गेले, ऑफिसात. आमचे मालक सोबत होते, पण बोलायचं काम माझ्याकडे. पिशवीत लोणच्याची बरणी, बरणीत विहिरीचं पाणी. क्लार्क म्हणाला, "मावशी, लोणचं आणलंत का?"
म्हणलं, "चाखून बघा की."
हसला नाही. प्लॉटिंगच्या परवानगीची नक्कल मात्र दिली. बाहेर लिंबाखाली बसून बोट ठेवून ठेवून वाचली. पोरगा मल्हार शाळेत होता तेव्हा त्याच्या पुस्तकांवर अक्षरं शिकले मी, सरकारी शब्द दाताखाली खड्यासारखे येतात. पण लिहिलंय स्वच्छ — माती उकरायच्या आधी खालच्या बाजूला गाळ अडवायचा खड्डा, त्याच्या खाली दहा फूट रुंद गवताचा पट्टा. मिक्सरचं धुवण ओढ्यात सोडायचं नाही. सगळं आहे! कागद लय शहाणा. उतारावर यातलं काही नाही.
परत आत गेले. क्लार्क म्हणतो, "अट हाय ना त्यात? मग झालं की."
अटीनं पाणी गाळता येतं का, बाबा? अर्ज दिला. खाली मोठ्या अक्षरात नाव टाकलं.

१० जुलै
ऑफिस. साहेब मीटिंगला. परत आले.

१४ जुलै
पांढऱ्या मेंढीला कोकरू झालंय, पण दूध उतरेना. कोकरू ढुशा मारून मारून थकतं. सकाळी विहिरीवर उभी होते, तर वर उतारावर लांब हिरवं दिसलं. मल्हारला म्हणलं, "तिकडं काहीतरी फुटलंय बघ. उघडंच हाय, कुंपण न्हाई. मेंढ्या तिकडून ने." डोळे अधू झाले, पण हिरवं अजून सगळ्यांच्या आधी मलाच दिसतं! मालक म्हणाले, "म्हातारे, तू मागल्या जन्मी शेळी होतीस."

१७ जुलै
पांढरीला दूध सुटलं. कोकरू शेपटी उडवत पितंय. पंधरा दिवसांत एवढंच काय ते बरं झालं.

२२ जुलै
एकदाची पाहणी झाली! राजेश्री मॅडम म्हणून नवीन इंजिनीअर आल्या. दिपालीच्याच वयाच्या, पायात गमबूट, हातात टेप. मेंढ्यांमागं गेलेला मल्हार सोडला तर अख्खी वस्ती गोळा झाली. व्यंकटरावही आले गाडीतून. खड्ड्याच्या जागी नुसती चुन्याची रेघ — खोदायचं नावच नाही. आणि पट्टा? नुसती लाल माती.
व्यंकटराव म्हणाले, "मॅडम, तुमचा फोन आला तसं लगेच गवत लावलं. तीनशे ठोंबं! आता कुठं गेलं, काय कळंना."
मला राहवलं नाही. म्हणलं, "काय हो, गवताला पाय फुटले का? का भावकीत लग्न होतं, तिकडं गेलं?"
लोक हसून हसून लोळले. माणूस लालबुंद झाला. "आई, देवाशप्पथ लावलं होतं."
"देवाला मधी घालू नका. त्याला आधी तुमचा खड्डा दाखवा!"
मॅडमनी पंचनामा लिहिला. गाळखड्डा खोदलेला नाही. गवताचा पट्टा लावलेला नाही. काम बंद. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

२५ जुलै
रात्रभर कोसळला. सकाळी बरणी भरून ठेवली, दुपारी बघते तर तळाला चार बोटं गाळ! काम बंद केलं, पण मातीला कोण नोटीस देणार? दिपाली पार लांब, शाळेजवळच्या हापशावरून पाणी आणायला लागली. वाटेत गाठून डोक्यावरचा हंडा काढून घेतला, तर पोर रडायलाच लागली. म्हणे, "आत्याबाई, तुमचं वय हाय का हे?" तुझे दिवस हायत का गं हे?
व्यंकटरावाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या. तीनशे ठोंबं म्हणे! तोंड वर करून खोटं बोलतो!

२८ जुलै
राजेश्री मॅडम स्वतः आल्या. विहिरीच्या कडेनं लावायला गवताची वीस ठोंबं दिली. "आजी, ही मारवेल. पट्ट्यात हीच लावायची असते. मुळं माती धरून ठेवतात. पण जपा हं." गुणाची पोर. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलीत.

२९ जुलै
मल्हारनं पोतं उघडून बघितलं. म्हणाला, "आय, ही तर तीच! तू दाखवलेली, उतारावरची. ओळीनं होती, मला वाटलं आपोआपच फुटली असंल. दोन दिवसांत मुळासकट साफ केली मेंढ्यांनी — म्हणून तर पांढरीला दूध आलं!"
पोतं पुन्हा ओलं करून ठेवलं. मग अर्ज लिहिला. खड्डा व्यंकटरावांनी खोदला नाही, तो त्यांनी खोदावा. गवत त्यांनी लावलं होतं. ते माझ्या मेंढ्यांनी खाल्लं, मीच दाखवलं. मी सही केली ते खोटं आहे.
मालक म्हणाले, "नाव तरी नको टाकू."
आधीच्या अर्जावर मोठ्या ऐटीत टाकलं होतं. तेवढ्याच मोठ्या अक्षरात टाकलं — सुगंधाबाई.