रुबीच्या पुस्तकातला नवसागर

गुरुवार, दिवेलागण. इस्लामपूर.

मी सांगतेय, नात रुबी लिहितेय. गाळू नकोस गं काही.

आज तिची बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. एक पांढरी भुकटी देतात म्हणे, ती कशाची ते ओळखायचं. नापास झालीस तर कॉलेज बंद, असं माझ्या लेकानं बजावलेलं. पोरगी सकाळी चहासुद्धा न घेता गेली.

आली ती दारातूनच ओरडत. "दादी, भुकटी तापवली आन् वासावरनं ओळखलं!"

"कसला वास गं?"

"कल्हईचा! दादांच्या भट्टीचा!"

भुकटी म्हणजे आमचा नवसागर निघाला. रुबीचे दादा, म्हणजे माझे मालक, बाजारात कल्हई करताना तापलेल्या पातेल्यावर तो चिमूटभर टाकायचे. पांढरा धूर उठायचा, वास नाकात झोंबायचा, आणि मी भाता ओढता ओढता दोघांनाही शिव्या द्यायची, धुराला आणि त्यांना. ही लहानगी शेजारी खोकत बसलेली. तो वास माझ्या पदरातून कवा गेलाच न्हाई.

मग तिनं पुस्तक उघडून त्याचं नाव दाखवलं. मी बोट ठेवलं, तर सगळं नाव बोटाखाली झाकलं गेलं. मला वाटायचं, पुस्तकात मोठ्या लोकांच्या गोष्टी असतात. आमचा बाजारातला धूर तिथं कुणी नेला? आणि एवढ्याशा जागेत मावला कसा? मी पान नाकाशी धरलं.

रुबी हसली. "आवं दादी, ते वाचायचं असतं."

"तू वाच," म्हटलं. "मी त्याला तुझ्या आधीपासनं ओळखते."