वहीतला दुसरा महिना

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचे तुमचे झाडून सगळे विद्यार्थी आले होते म्हणे. मी त्या दिवशी अंबरनाथच्या कारखान्यात होते. बॅच चालू होती, आणि चालू बॅच सोडून उठायचं नाही हे तुम्हीच शिकवलं होतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच कारण सांगितलं आणि प्रत्येकाला ते पटलं.

तुम्ही वाईट शिक्षक होतात असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत, प्रोटीन म्हणजे काय हे तुमच्याइतकं स्वच्छ कुणी समजावत नव्हतं. आणि तुमच्याइतकं कडू कुणी बोलतही नव्हतं. प्रॅक्टिकलला माझ्या हातून काचेची नळी निसटली, तेव्हा वर्गासमोर तुम्ही म्हणालात, "बाई, तू लाटणं धर. पडलं तरी फुटत नाही." मुलगे हसले. मीही हसले, कारण न हसणाऱ्याला तुम्ही महिनाभर सोडत नव्हता. पुढे तुम्ही अंबरनाथच्या त्या औषध कंपनीचे सल्लागार झालात आणि नोकरीसाठी माझंच नाव सुचवलंत. कंपनीच्या मालकांना, शेठना, म्हणालात, "पोरगी दगड आहे, पण सांगितलेलं करते." मी शेजारीच उभी होते. तुम्ही माणसाला काही द्यायचात ते असं.

आमचं औषध लघवीतून यायचं. गर्भार बायकांच्या लघवीत एक प्रोटीन असतं. ते वेगळं काढून, शुद्ध करून त्याचं इंजेक्शन करायचं, आणि ते द्यायचं मूल होत नसलेल्या बायकांना. कुळगावची एक मावशी सकाळी वांगणीपर्यंतच्या गावांत घरोघर हिंडून कॅन भरायची आणि टेम्पोतून आमच्याकडे आणायची. मग मी ऐन मे महिन्यात स्वेटर घालून थंड खोलीत बसायची आणि ते प्रोटीन थेंबाथेंबाने वेगळं करायची. केसांना वास लागायचा. घरी आई माझे कपडे काठीने उचलायची. पण त्या घरात पगार माझा एकटीचाच येत होता, त्यामुळे काठीच्या पुढे कुणी काही बोलत नव्हतं.

नव्वदच्या आसपास तुम्ही परदेशी नियतकालिकातला एक आलेख घेऊन आलात. हे प्रोटीन दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सर्वांत जास्त असतं, नंतर झपाट्याने उतरतं. आलेख बरोबरच होता. तुम्ही हुकूम काढलात की यापुढे फक्त दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या बायकांकडूनच घ्यायचं, आणि वहीत प्रत्येकीचं नाव, गाव आणि महिना लिहायचा. औषध दुप्पट निघेल असं तुम्ही शेठना सांगितलंत. निघालं ते आधीपेक्षाही कमी. एक बॅच, दुसरी, तिसरी. सल्लागारांच्या बैठकीत तुम्ही वही उघडून दाखवलीत. सगळीकडे दुसरा महिना, तिसरा महिना, एकही चूक नाही. "कच्चा माल उत्तम आहे," तुम्ही म्हणालात, "म्हणजे प्रोटीन हिच्या हातात मरतंय. पुढच्या बैठकीपर्यंत फरक पडला नाही तर माणूस बदला." शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रोफेसर साब बोलतात तर बराबरच असेल."

मी दोन आठवडे माझीच चूक शोधत होते. काचेचं प्रत्येक भांडं तीनदा धुतलं. शेवटी एका सकाळी कॅन उतरवून घेताना मी मावशीला सहज विचारलं, या बायका महिना नक्की सांगतात ना? ती चुंबळ सोडता सोडता थांबली.

"अवो बाय, तीन म्हैने भरल्याबिगर कोन तोंड उघडतं? नजर लागंल."

"मग वहीत दुसरा-तिसरा कसा?"

"साहेबाला दुसरा-तिसरा पायजे ना? मंग पैशापायी पाचव्यावाली पन दुसराच सांगते. आधी मी इचारत नव्हते, तवा नव्या पोरी गुमान देत व्हत्या. तुमी वही काढली नि त्यांनी दारं लावली. वहीत नाव लिवलं म्हंजे गावभर झालं!"

बस, इतकंच होतं. ज्या बायका आम्हाला हव्या होत्या, त्यांनाच तुमच्या वहीने हाकलून दिलं होतं. मी त्याच दिवशी दोन ओळींची चिठ्ठी लिहून तुमच्या घरी पाठवू शकले असते. तुम्ही वही बंद केली असती, माझी नोकरी राहिली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. मी बैठकीची वाट बघितली.

अजून दिसतं मला. टेबलावर वेफर्सची बशी, शेठ, मुंबईहून आलेले दुसरे सल्लागार, म्हणजे ते बायकांचे डॉक्टर, आणि फळ्यापाशी तुम्ही. तुम्ही माझ्या हातांबद्दल बोलताय. मी तुम्हाला पूर्ण बोलू देते. मग उठते, दार उघडते आणि मावशीला आत घेते. ती पदर खोचून सगळं सांगते. डॉक्टर कपाळाला हात लावतात. तुम्ही म्हणता, "अडाणी बायकांच्या सांगण्यावर विज्ञान चालत नाही." त्यावर मावशी हसत हसत विचारते, "साहेब, तुमच्या घरात कंदी पाळना हालला नाय का? का तुमी पयल्याच म्हैन्यात गावभर सांगत सुटला व्हता?"

डॉक्टर आधी हसले. मग शेठ टेबलावर हात मारून म्हणाले, "क्या मावशी, प्रोफेसर साब की क्लास ले ली!" तुम्ही खडू ठेवलात, हात पुसलेत आणि कागद गोळा केलेत. दारात माझ्याजवळ थांबलात आणि आयुष्यात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलंत. "तुम्ही बॅच चालू करा." त्यानंतर तुम्ही कारखान्यात आला नाहीत. वही बंद झाली, औषध वाढलं, मी तिथेच वरच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. मावशीचा तो प्रश्न कंपनीत वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगितला जायचा. खेड्यातली भोळी बाई, तोंडाला येईल ते बोलून गेली, असं सगळे म्हणायचे.

कॉलेजात असताना एकदा मी तुमचं पुस्तक परत करायला घरी आले होते. तुम्ही नव्हता. काकूंनी स्वयंपाकघरात पाट दिला आणि मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चार वेळा राहिलं गं, चारही वेळा तिसऱ्याच्या आत गेलं. दर वेळी यांनी आनंदाच्या भरात आधीच सगळ्यांना सांगितलेलं असायचं. मग एकेकाला परत सांगत बसायचं, नाही म्हणून." मग त्यांनी मला शिरा खायला दिला. मी तो संपवला.

काकू अजून त्याच घरात आहेत, अजून चष्म्याशिवाय वाचतात असं ऐकते. म्हणून हे पत्र जाणार नाही. नाहीतर मी तुमच्याच पत्त्यावर टाकलं असतं, सर. तुमच्याबद्दलचा एकही शब्द मागे घ्यावा असं मला आजही वाटत नाही.

मावशीला तुमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. तो प्रश्न मी तिच्याकडून दोनदा पाठ करून घेतला होता. ती म्हणाली होती, "नको बाय, मोठा मानूस हाय, लागंल त्याला." मी म्हणाले, हसत विचार, म्हणजे लागणार नाही.