तळं लाल झालं

२ जून

आज पुन्हा तळ्यावर. पवळ्याला हातभर लांब मरळ लागली, माझ्या गळाला शेवाळ! भीमराज चटईवर लोळून हसला. गेममधली मासळी ती, पण त्याला आनंद खऱ्या कालवणाइतका.

गेममध्ये तो पवळ्या, मी ढवळ्या. नावं त्यानेच ठेवली. खोलीत दोन चटया, मधे एक चार्जर. ड्यूटीवरून आलो की भात लावायचा, पाठ भिंतीला टेकायची आणि तळ्यावर, कडुलिंबाखालच्या आमच्या दगडावर जाऊन बसायचं. डोंगरातली जनावरं मारतो कधीकधी, पण माणसावर हत्यार उचलत नाही. त्यासाठी कोपऱ्यात एक लाल बटण आहे. ते दाबलं की तुम्ही दुसऱ्याला मारू शकता आणि दुसरा तुम्हाला. आम्ही आजवर दाबलेलं नाही.

गेममधल्या आमच्या टोळीतल्या एकाने आज लिहिलं, ‘भित्रट कुठले, बायकांसारखे मासे धरत बसलेत.’ भीमराजने उत्तर दिलं, ‘व्हय.’ एवढंच.

५ जून

गोदामात भिंतीवर मोठा पडदा लावला. सगळ्यांची नावं त्यावर. ज्याची खोकी जास्त झाली तो वर, हिरवा. खाली घसरला की लाल. लिंगराज सर म्हणाले, “आपसात चढाओढ आसली की काम चांगलं हुतंय.” सर आमच्या लाईनचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही, पण वरून आलेलं सगळं जसंच्या तसं खाली सोडतो.

माझं आणि भीमराजचं काम पहिल्यापासून जोडीने चालतं. पेरणीला कसं, एकजण बैल हाकतो, दुसरा चाड्यावर मूठ धरतो. रान दोघांचंच पेरलं जातं, कोण विचारतो कुणी किती पेरलं? तसंच. तो पट्ट्यावरून खोकी उचलून माझ्यापुढे फिरवून धरतो, मी स्कॅनर मारतो. त्याच्या दंडात ताकद, माझी नजर तेज. दोघं मिळून अख्ख्या लाईनला मागे टाकतो.

सरांनी बघितलं. आणि पुढच्या लाईनकडे गेले.

८ जून, रविवार

गावी, मेहकरला जाऊन आलो. आईने (भागम्मा तिचं नाव, पण वडील गेल्यापासून तिला नावाने हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही) पोळ्या बांधून दिल्या.

“खोलीवर संगं कोण हाय रं?”

“कंपनीतला एकजण.”

“आपल्यातला हाय का?”

मी म्हटलं, भूक लागलीय, वाढ. भीमराजचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, बुद्धविहाराच्या मागे. त्याची आई इंदिराबाई आमच्याच शेतावर खुरपायला येते. आईला तो चांगला ठाऊक आहे. पण एका खोलीत राहतो, एका भगुण्यात जेवतो, हे मी सांगितलेलं नाही. कामून सांगितलं नाही ते मलाही नीट सांगता येणार नाही. गावात आम्हाला दोघांना बसायला जागा नाही असं नाही, पण बसलं की विचारणारे फार. तळ्यावर कुणी विचारत नाही.

पोळ्या भीमराजने खाल्ल्या. म्हणाला, “काकूच्या हाताला चव हाय.”

११ जून

कारहुणवी, आमच्याकडचा बैलांचा सण. गावाकडे आज बैलं रंगवली असतील. आम्हाला सुट्टी नाही. भीमराजने गेममध्ये पवळ्याच्या डोक्याला लाल फेटा घेतला, ढवळ्याला पिवळा. सणाचं तेवढंच.

१७ जून

वाईट बातमी आहे. गेमवाल्यांनी सूचना टाकली— पुढच्या महिन्यापासून शांत हद्द बंद. सगळी तळी, सगळी रानं लाल. बटण दाबलेलं असो नसो, कुणीही कुणालाही मारू शकेल. मरणाऱ्याची थैली मारणाऱ्याला. आणि लाल हद्दीत प्रत्येकाच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत काळा बुरखा, कुणाचंच नाव दिसणार नाही, मित्राचंसुद्धा. मेल्यावर तेवढं दिसेल.

म्हणे खेळात रंगत येईल.

टोळीत जल्लोष. मी भीमराजला म्हटलं, आपल्यासारखे निम्मे लोक सोडून जातील बघ. त्याने फोन चटईवर उलटा ठेवला. मग म्हणाला, “आपल्या जत्रंत कुस्ती लावत्यात तर आधी जोड बघत्यात. वजन बघत्यात, वय बघत्यात. कवळ्या पोराला पैलवानाम्होरं सोडत न्हाईत. हितं जोड कोण बघायलंय? इकत घेतलेली तलवार घेऊन येतंय आन् मासं धरणाऱ्याच्या पाठीत घालतंय.”

“आन् आपण बी तलवार घेतली तर?”

“घेऊन? रानडुकराला मारलं तर त्याच्यामागं कुणी बसलेलं नसतंय. माणसाला मारलं तर तिकडं कोण बसलाय, त्याचा दिवस कसा गेलाय, तुला काय ठाव?”

माझं कारण वेगळं आहे, ते त्याला सांगितलं नाही. मला हरायची भीती नाही. हरायची सवय आहे! पोलीस भरतीत पळताना मागच्याने कोपर मारलं आणि पुढे गेला. मी पडलो त्यापेक्षा त्याने वळून हसून बघितलं ते जास्त लागलं. डोंगरातला राक्षस मारतो, पण हसत नाही. त्याच्याकडून मेलो तर उठून पुन्हा जातो, राग येत नाही. सकाळी उठल्यापासून मी कुणाच्या तरी पुढे नाहीतर मागे असतो. संध्याकाळी तरी कुणाच्याच पुढेमागे असू नये, एवढंच मागणं.

भीमराज म्हणाला, तळं बंद व्हायच्या आत चंदनाची गळकाठी करू. तिला फार मासळी लागते, आणि ती केली की तिच्यावर नाव कोरून मिळतं. “तुझी आधी करू. तुझ्या गळाला शेवाळच लागायलंय.”

२३ जून

आज कळलं. काम जोरात चाललंय म्हणून इतके दिवस पडद्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

पडद्यावर मी सगळ्यात वर. भीमराज सगळ्यात खाली, लाल. तो दिवसभर माझ्याशेजारी घामाने निथळत असतो आणि त्याच्या नावापुढे जवळजवळ काही नाही! स्कॅनरमध्ये सकाळी ज्याचा नंबर घातला त्याच्याच खात्यात खोकी जातात. नंबर माझा, कारण स्कॅनर ज्याच्या हातात त्याचाच घालायचा असा नियम. उचलणाऱ्याचं कुठे मोजतच नाहीत. आम्ही दोघं खेड्यातले शहाणे, चाड्यावर मूठ धरत बसलो.

सरांकडे गेलो. सांगितलं, सर, निम्मं त्याचं आहे.

“मला ठाव न्हाई व्हय? पण मशीन दाखवतंय तेच वर जातंय. वरचे बेंगळूरात बसल्यात, त्यांना तू कोण आन् भीमराज कोण?”

“मग आधी कामून सांगितलं न्हाई?”

“तुमचं तुमचं बरं चाललं हुतं की.”

भीमराजला सांगितलं. तो म्हणाला, “बरं.”

२४ जून

अदलाबदल करून बघितली. त्याला स्कॅनर, मी खोकी. दुपारपर्यंत माझी पाठ धरली. त्याच्या जाड बोटांना ते बटण सापडेना. दोघंही खाली घसरलो. उद्यापासून पुन्हा पहिल्यासारखं.

३० जून

आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

लाईनवरचा एक माणूस कमी करायचा हुकूम आला. सरांनी आम्हा दोघांना चहाच्या टपरीमागे बोलावलं. म्हणाले, “पडद्यावर बघितलं तर भीमराज जायचा. पण मला सगळं ठाव हाय. मी पापात पडत न्हाई. दोघातला एक ठेवायचाय. तुमचं तुम्ही बोलून सांगा.”

जोड लावून दिली आमची. आणि स्वतः बाजूला उभं राहून चहा पिऊ लागले.

भीमराजने माझ्याकडे बघितलं. मी बोलणार होतो. काय बोलणार होतो? मी जातो? ते नव्हतं माझ्या तोंडात. तो जाऊ दे, हेही नव्हतं. आई डोळ्यांपुढे आली. मी खाली बघितलं. गळ्यात स्कॅनर लटकत होता, त्याची दोरी नीट करत राहिलो.

मग तोच म्हणाला, “ह्यो ऱ्हाऊ द्या सर. ह्याला उचलायला जमत न्हाई, दुसरीकडं कोण ठिवून घेतंय ह्याला.”

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

खोलीवर तो कपडे घडी करत होता. मी म्हटलं, भीमराज, अरे… तो म्हणाला, “तू काय बोलशील म्हणून बघायलो हुतो. दुसरं काय न्हाई.”

रागावला असता तर बरं झालं असतं.

१ जुलै

सकाळच्या गाडीने हैदराबादला गेला. कुठल्याशा बांधकामावर ओळखीचे आहेत म्हणाला. चार्जर मला ठेवला.

तळंही आजपासून लाल. गेलो नाही.

९ जुलै

फोन लागत नाही. गेममध्ये मित्रांच्या यादीत पवळ्याचं नाव राखाडी. तो आत आला की हिरवं व्हायचं. पण आता सगळीकडे लाल हद्द, त्यामुळे सगळ्यांचीच नावं राखाडी दिसतात. आहे की नाही, कळायला मार्ग नाही.

गोदामात शेजारी कुणी नाही. खोकं मीच उचलतो, मीच फिरवतो, मीच स्कॅनर मारतो. शेजारच्या लाईनची श्रीदेवी म्हणाली, “दोघांचं काम एकटा कसं करणार अण्णा?” मी पुढचं खोकं उचललं.

१३ जुलै, रविवार

गावी. इंदिराबाई ओट्यापाशी आली होती. “भीमा तिकडं बरा हाय म्हणतोय. दुसऱ्याच्या फोनवरनं बोलला. तुझं इचारलं त्यानं.”

काय विचारलं, हे मला विचारता आलं नाही. आई दारात उभी होती.

ती गेल्यावर आई म्हणाली, “तिच्या पोराचं अन् तुझं काय?” मग नेहमीचं, “खोलीवर संगं कोण हाय?”

“कुणी न्हाई.”

पहिल्यांदाच खरं बोललो, आणि तेही असं.

२१ जुलै

पडद्यावर माझं नाव लाल. व्हायचंच होतं. वरचं नाव दोघांचं होतं, आता एकट्याची लायकी दिसली. सर जाताना म्हणाले, “बघ बाबा, वरनं परत विचारायलेत.” म्हणजे तो गेला आणि मीही राहणार नाही. त्याचं जाणं फुकट गेलं. हे सगळ्यात जास्त सोसवत नाही.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. दुसरीकडे जाणार कुठे? गळ टाकला आणि पाठीत वार. थैली गेली. उठलो, पुन्हा गेलो, पुन्हा वार. मारणारा मेलेल्याभोवती नाचत होता. ‘हा हा हा’ लिहिलं त्याने. ते कोपर मारून वळून हसणारं तोंडच डोळ्यांपुढे आलं.

मासे धरणारं तळ्यावर आता कुणी उरलेलं नाही. सगळे झाडाआड दबा धरून बसतात, मासे धरायला येणाऱ्याची वाट बघत. येत कुणी नाही.

२५ जुलै

तलवार घेतली. खरे पैसे मोजून. भीमराजला कळलं असतं तर…

कळणार नाही.

२६ जुलै

आज एकाला मारलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? छातीतली गाठ सैल झाल्यासारखी वाटली. मेल्यावर नाव दिसलं, कुठल्यातरी गावचा कुणीतरी. त्याचा दिवस कसा गेला असेल, हा विचार आलाच नाही. नंतर आला, तेव्हा मी जेवत होतो, आणि जेवत राहिलो.

२७ जुलै, रविवार

गावी गेलो नाही. दुपारी तळ्यावर गेलो तर कडुलिंबाखालच्या दगडावर कुणीतरी बसलेला. काळा बुरखा. आमच्या दगडावर! पाठ माझ्याकडे, गळ पाण्यात, खुशाल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही. धावत जाऊन पाठीत वार घातला. तो वळला नाही. हत्यारच नव्हतं त्याच्याकडे. दुसरा घातला.

पडला. बुरखा गेला. लाल फेटा.

थैली माझ्यात आली. तिच्यात एकच वस्तू होती, चंदनाची गळकाठी. तिच्यावर नाव कोरलेलं— ढवळ्या.